स्ट्रॉबेरीची पिल्लं धरण्याआधी: खूण बांधली का?

गेल्या हंगामात मी स्ट्रॉबेरीची बत्तीस रोपं तयार केली. एकही मेलं नाही. मुळं झकास धरली, पानं तजेलदार, वाफा गच्च भरला. फळं लागायची वेळ आली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त रोपं एकाच झाडाची आहेत, आणि ते झाड मुळात फळ न देणारं होतं. नुसता पाला आणि रनर, म्हणजे झाडातून जमिनीवर पसरणारे लांब दोरे, ज्यांच्यावर नवी रोपं, म्हणजे पिल्लं, येतात. अख्खं वर्ष गेलं, पाणी गेलं, खत गेलं. रोपं करण्यात माझं काही चुकलं नव्हतं. चूक त्याच्या कितीतरी आधी, झाडांवर फळं असतानाच झाली होती. म्हणून या यादीतली पहिली गोष्ट सगळ्यात लांबलचक आहे. बाकीचं घाईत वाचलंत तरी चालेल, ही नका.

झाडांवर फळं असताना, आत्ता, आईझाडांना खूण करा. रनर फुटायला लागल्यावर नाही. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण तोवर फळं संपलेली असतात आणि वाफ्यातली सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात. शिवाय फळ आणि रनर एकाच शिदोरीवर जगतात. ज्या झाडाने भरभरून फळ दिलं ते दमलेलं असतं, जरा उशिरा आणि मोजकेच रनर सोडतं. ज्याने काहीच दिलं नाही ते ताजंतवानं असतं आणि चारी दिशांना दोरे फेकतं. आपण वाफ्यापाशी गेलो की हात आपसूक त्याच्याकडे जातो, कारण त्याचीच पिल्लं लवकर येतात, जास्त येतात आणि टपोरी दिसतात. असं दोन-तीन वर्षं केलंत तर बागेत फळ न देणाऱ्या झाडांचंच राज्य होतं.

आणि पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब प्रत. आई वांझ तर पिल्लूही तसंच, खत घालून ते सुधारत नाही. उलट, आई गुणाची असेल तर तिची चव, तिचा आकार जसाच्या तसा मिळतो, आणि रनरवरून रोपं करायची ती त्यासाठीच. बियांचं तसं नाही. आपली नेहमीची मोठी स्ट्रॉबेरी हा अमेरिका खंडातल्या दोन जातींचा संकर आहे, एक उत्तरेकडची, एक चिलीकडची. दोघींची गाठ अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये पडली. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तब्बल ८ संच असतात, त्यामुळे बी पेरून जे उगवतं ते आईसारखं निघेल याचा भरवसा नाही.

खूण कशी करायची तेही सांगते, कारण त्याच्या आदल्या वर्षी मी एकदा खूण केली होती आणि ती वाया गेली. पानाच्या देठाला लोकरीचा लाल धागा बांधला होता. जुनं पान सुकलं, मी सफाई करताना ते खुडलं, त्याच्याबरोबर धागाही गेला. त्यामुळे झाडाला काही बांधू नका. झाडाच्या बुंध्याशेजारी, मुळं सांभाळून, एक काडी खोल रोवा आणि तिच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. पानांच्या वर दिसेल इतकी उंच काडी हवी. सोबत प्लास्टिकची पट्टी रोवून तिच्यावर झाडाचा क्रमांक लिहा, तोही पेन्सिलीने. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते.

दोन रंग ठेवा. लाल म्हणजे याचे रनर धरायचे. काळा म्हणजे याचा रनर दिसला की खुडायचा. काळी खूण लालइतकीच महत्त्वाची आहे, कारण फसवतं ते काळ्या खुणेचं झाड. लाल खूण कोणाला? ज्याची फळं तुम्ही स्वतः खाल्लीत आणि आवडली, जी आकाराने नीट आहेत, आणि जे झाड एका बहरात न थांबता देत राहिलं. नुसतं मोठं फळ पाहून भुलू नका. पानंही बघा. चुरगळलेली, कडेने पिवळी, शेजारच्या झाडांपेक्षा खुरटी पानं असतील तर काळी खूण. विषाणूचा रोग मावा पसरवतो आणि रनरमधून तो थेट पिल्लात उतरतो, कारण रनर ही आईपासून पिल्लापर्यंत गेलेली जिवंत नळीच आहे. कधीकधी पानावर काहीच दिसत नाही, फक्त फळ बारीक आणि कमी होत जातं. म्हणजे इथेही फळावरची नजरच कामाला येते. तीन-चार वर्षांची म्हातारी झाडं आई म्हणून धरू नका. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचीच निवडा.

खूण झाली? खरंच झाली? मग पुढे चला.

आपली जात रनर देते का ते आधी बघा. अल्पाइन प्रकारच्या बारीक रानस्ट्रॉबेऱ्या बहुतेक रनर देतच नाहीत. त्यांचा झुबका उपटून विभागायचा किंवा बी पेरायचं. दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या, सतत फळणाऱ्या जाती मोजकेच रनर देतात. आखूड दिवसांत फुलणाऱ्या जाती मात्र दिवस मोठा आणि हवा उबदार झाली की रनर सोडायला लागतात, तेव्हा हात कमी पडतात.

नवी जागा आधीच ठरवा. ऊन, निचरा, शेणखत, हे काही सांगायला नको. जे विसरलं जातं ते असं की जिथे गेल्या तीन-चार वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तिथे स्ट्रॉबेरी लावू नका. त्या पिकांची मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते आणि स्ट्रॉबेरीलाही धरते. दुसरी जागाच नसेल तर नवी माती भरून कुंडीत लावा.

सामान थोडंच आहे. ३ इंची कुंड्या, लाल खुणेच्या प्रत्येक झाडामागे चार. भुसभुशीत माती आणि कोकोपीट, त्यात थोडं गांडूळखत. रासायनिक खत टाकू नका, कोवळ्या मुळांना खारटपणा अजिबात सोसत नाही. बोटभर लांबीच्या तारा वाकवून केलेल्या पिना, किंवा केसांच्या पिना. धारदार कात्री आणि ती पुसायला स्पिरिट, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी. आणि पट्ट्या, कुंड्या जितक्या तितक्याच. कुंड्या आदल्या दिवशी भरून भिजवून ठेवा आणि आईझाडाभोवती मातीत काठापर्यंत गाडा. वर नुसत्या ठेवल्या तर एवढीशी माती दुपारपर्यंत कोरडी होते.

आता रनर. लालसर, दोऱ्यासारखा असतो. पहिला पेर बहुतेक रिकामा जातो, दुसऱ्यावर पिल्लू येतं, पुढे परत एक रिकामा, एकावर पिल्लू. पिल्लू हातात घेऊन उलटं करा. घडी घातलेल्या पंख्यासारखी इवलीशी पानं, आणि खाली बुडाशी मोहरीएवढे पांढुरके, कधी गुलाबी झाक असलेले टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे मुळांची सुरुवात. ते दिसल्याशिवाय कुंडीत बसवू नका, उगाच कुजतं. एका आईचे तीन-चार रनर ठेवा, प्रत्येकाचं पहिलं पिल्लू घ्या, फार तर दुसरं, आणि त्यापुढचं टोक खुडा. पहिलं सगळ्यात दमदार असतं. आईला या काळात फूल आलं तर तेही खुडा. हात धजावत नाही, पण खुडा.

पिल्लू मातीवर फक्त टेकवायचं, पुरायचं नाही. पिन रनरला लावायची, आईच्या बाजूने, पिल्लाच्या अगदी जवळ. जिथून पानं फुटतात तो बुंधा, ज्याला क्राउन म्हणतात, मातीच्या वर राहिला पाहिजे. पुरला तर सडतो, फार वर राहिला तर मुळं वाळतात.

आणि पिन लावल्याबरोबर, पुढच्या रनरला हात लावायच्या आधी, कुंडीत आईच्या क्रमांकाची पट्टी रोवा. संध्याकाळी रोवू म्हणू नका. आठवड्याभरात रनर एकमेकांवरून जातात, त्यांची जाळी होते, आणि एकदा कात्री लागली की कुठलं पिल्लू कोणाचं हे कोणालाच सांगता येत नाही. फळांच्या वेळी केलेली खूण इथे तुटली तर सगळी मेहनत पाण्यात. बिनपट्टीचं एखादं पिल्लू राहिलंच तर ते टाकून द्या. जीव तुटतो, पण एका अनोळखी रोपापायी वाफ्यातली जागा वर्षभर अडून राहते.

पुढे चार ते सहा आठवडे. पाणी चुकवायचं नाही. पान हलकेच ओढून पाहा, रोप हललं नाही तर मुळं धरली. मग आईच्या बाजूने थोडी शेपूट ठेवून रनर कापा आणि कुंडी आठवडाभर सावलीत ठेवा. काही रोपं दोन दिवस मान टाकतात, घाबरू नका, पाणी देत राहा.

लावणी संध्याकाळी, हातभर अंतराने, क्राउन मातीच्या पातळीला, लगेच पाणी. सुरुवातीची फुलं खुडा.

पट्टी कुंडीतच विसरू नका. रोपाबरोबर तीही नव्या वाफ्यात रोवा आणि क्रमांक वहीतही लिहा. लाल आणि काळ्या काड्या धुऊन हाताशी ठेवा. पहिलं फळ पिकलं की त्या लागणार आहेत.