जुनी वृत्तपत्रे स्कॅनिंगला देण्याआधी

ठाण्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह करायचे ठरवले, की पहिले नाव बहुधा ‘केसरी’चे येते. १८८१ पासूनचा ‘केसरी’ मोलाचा आहेच, पण तो इतरत्रही जपलेला आहे. मोजका पैसा आधी अशा पत्रांवर घाला, जी तुमच्या कपाटातून गेली की कुठेच उरणार नाहीत. ‘अरुणोदय’ ठाण्यातून १८६६ साली निघाले. जिल्ह्यातल्या अशा पत्रांचा सुटा अंकसुद्धा यादीत वर हवा.

नवी मुंबईचा इतिहास जमवताना तर स्थानिक साप्ताहिकांना पर्याय नाही. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेला गोळीबार मुंबईच्या दैनिकांत सापडेल. पण कोणत्या गावची किती जमीन गेली, कोणाची हरकत होती, हे शोधायचे तर जाहीर नोटिसा आणि वाचकांची पत्रे चाळावी लागतात. म्हणून बातम्यांची कात्रणे नकोत. जाहिरातींसकट पूर्ण पान घ्या.

निवड पक्की करण्याआधी अंक मोजा. बांधणीच्या पुठ्ठ्यावर ‘१९३०–३५’ लिहिलेले असते आणि आत मधलेच एक वर्ष नसते. प्रत्येक अंकाची तारीख, अंक क्रमांक, पाने आणि स्थिती नोंदवा. साप्ताहिकाच्या ५२ पैकी ४० अंक हाताशी असतील तर ते वर्ष लगेच घ्यावे. कमी असतील तर आधी दुसऱ्या ग्रंथालयांत किंवा संपादकाच्या घरच्यांकडे शोधावे. दुर्मीळ पत्राला ही अट लावू नये.

तारखांत हमखास चूक होते. अंकावर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो, पण शक चैत्रात बदलतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांना ७९ मिळवावे लागतात. हे विसरले की पौष-माघाचे अंक एक वर्ष मागे जातात आणि अभ्यासकाला त्या महिन्यांत खोटी पोकळी दिसते.

मग प्रत्येक पत्राची २० पाने वेगवेगळ्या वर्षांतून निवडून चाचणी करा. ३८ × ५८ सेंमीचे पान ४०० डीपीआयला (इंचामागे ४०० ठिपके), करड्या छटांत, साधारण ५५ एमबीची टिफ फाइल होते. ८ पानी साप्ताहिकाचे एक वर्ष म्हणजे सुमारे २३ जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर त्याच्या तिप्पट. बांधणीत आतला कॉलम गिळला गेला असेल तर शिवण उसवण्याचा खर्च धरा. लाकडाच्या लगद्याचा पिवळा कागद घडीवर तुटतो. असे अंक आधी स्कॅनिंगला घ्या. पावसाळ्यात दमट पाने चिकटलेली असतील तर ओढून सोडवू नका, कोरड्या दिवसांपर्यंत थांबा.

त्याच २० पानांवर मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून शोधता येणारा मजकूर बनवणारी प्रणाली, चालवून बघा. तुटलेली शिरोरेखा, उभी जोडाक्षरे आणि मागच्या पानाची उमटलेली शाई यांमुळे ओळी बिघडतात. १०० पैकी २०–३० शब्द चुकत असतील तर शोध भरवशाचा राहत नाही. अशा पत्राचे निदान मथळे हाताने टंकून घ्या. निकाल वाईट आला म्हणून पत्र मात्र वगळू नका. ओसीआर पुढे सुधारेल, कागद सुधारणार नाही.

कॉपीराइटचे थोडक्यात: निनावी मजकूर प्रकाशनानंतर ६० वर्षांनी खुला होतो, नावानिशीचा लेख लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. ही मुदत अजून संपली नसेल, तर ते अंक स्कॅन करण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि तो कागद त्या पत्राच्या नोंदीसोबतच ठेवा.