मागचे शॉकअप बदलायचेत? आधी टेप काढा, पाकीट नंतर

जुन्या धाटणीच्या मोटरसायकलला मागे दोन शॉकअप असतात, तेही उघड्यावर. बदलायला सोपे, आणि म्हणूनच बहुतेक वेळा रूप बघून घेतले जातात.

आधी दोष शॉकअपचाच आहे ना, ते बघा. शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर तेलाचा ओशट थर असेल, सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली डुलत असेल, तर ते गेलेच. पण वळणावर गाडी मागून शेपूट हलवत असेल तर ती मेन स्टँडवर लावा आणि चाक धरून डावीउजवीकडे हलवून बघा. खडखड हाताला लागली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, किंवा चाकाचं बेअरिंग झिजलंय. नवे शॉकअप घालून ते बरं होत नाही.

आता मोजमाप. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत जे भरेल ती शॉकअपची लांबी. शिवाय शॉकअपच्या टोकांना बोल्ट जातो त्या बुशचं भोक किती (10, 12, 14 मिमी असं काहीही निघतं), बुशची रुंदी किती आणि खाली गोल कडी आहे की दोन पाकळ्यांचा फाटा, हेही टिपून ठेवा.

लांबीत 5 मिमी इकडेतिकडे चालून जातं. मी एकदा 20 मिमी लांब घेतले, गाडी जरा उंच दिसेल म्हणून. मेन स्टँडवर चढवली तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. चेनला तेल घालायला चाक फिरेचना. साइड स्टँडवर इतकी कलायची, की दर वेळी मागे वळून बघायचो. मागची बाजू उचलली की पुढचा भाग खाली झुकतो आणि हँडल चंचल होतं, हे वेगळंच. आखूड घेतले तर उलटं: दोघं बसल्यावर खड्ड्यात टायर मडगार्डला घासू शकतो, साइड स्टँडवर गाडी फार सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पडते.

स्प्रिंगबाबत एक गैरसमज फार पसरलाय. खालची खाचांची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. होत नाही. गाडी तेवढी वर उचलली जाते, बाकी स्प्रिंग तीच. ती आपल्या वजनाची आहे का, हे असं कळतं: चाक अधांतरी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या एखाद्या बोल्टपर्यंत मोजा. मग गाडी खाली घेऊन नेहमीच्या वजनानिशी बसा आणि दुसऱ्या कुणाला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्ही आकड्यांतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या (चाक वरखाली जितकं हलू शकतं त्याच्या) तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा. प्रवास 90 मिमी असेल तर साधारण 30. रिंग शेवटच्या खाचेत असूनही गाडी त्याहून बरीच बसत असेल तर स्प्रिंग मऊ पडतेय. पहिल्या खाचेतही जेमतेम हलत असेल तर ती कडक आहे.

काही शॉकअपला बाजूला गॅस-तेलाची एक डबी जोडलेली असते; पैसे वाचवायचे तर तिच्यावर वाचवा. स्वस्त मालात ती कधीकधी नुसती शोभेची असते, आत गॅसही नाही नि तेलही नाही. कंपनीचे मूळ शॉकअप अजून मिळत असतील तर बेताच्या बजेटमध्ये माझी पसंती त्यांनाच. लांबी, बुश, स्प्रिंग सगळं आपोआप जुळतं. जुन्यात फक्त बुश गेले असतील तर तेवढेच बदला. वापरलेली जोडी घेताना दांड्यावरून नख फिरवा. ओरखडा नखाला अडकला की तेल अडवणारं सील फार टिकत नाही. आणि एकच बाजू बदलायचा मोह नको, जोडीच बदला.

बसवताना एक काढा, एक बसवा, मगच दुसऱ्याकडे वळा. दुसऱ्या बाजूचा शॉकअप स्विंगआर्म धरून ठेवतो. नंतर चेन कव्हर आणि सायलेन्सरला कुठे घासत नाही ना, ते बघा. चेन किती सैल आहे ते पुन्हा तपासा, आणि रात्र झाली की भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत खाली-वर झालाय का तेही.