दुकानात बसला, वाटेत घासला: सस्पेन्शन न बदलता मोठे टायर टाकताना या चुका टाळा

लोणावळ्याहून उधेवाडीला, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याला, जाणारी कच्ची वाट ज्यांनी गाडीने केली आहे त्यांना तिथल्या दगडांचे आवाज पाठ असतात. त्या दिवशी माझ्या जिम्नीतून (मारुती सुझुकीची छोटी फोर व्हील ड्राइव्ह गाडी) आला तो आवाज त्यातला नव्हता. डावं पुढचं चाक दगडावर चढलं, मी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं आणि खालून खर्रर्र. उतरून पाहिलं तर डाव्या चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर सोललेलं. उजवीकडे वाकून पाहिलं, तर अ‍ॅक्सलपासून चासीकडे जाणाऱ्या दांडीवर रबराचा काळा पट्टा.

टायर घालून जेमतेम आठवडा झाला होता. कंपनीचे १९५/८० आर१५ काढून मी २३५/७५ आर१५ टाकले होते, बाकी गाडी जशीच्या तशी. टायरवाल्याने स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवून दाखवलं होतं, "बघा साहेब, कुठे लागतंय का?" वरून पाहिलं तर कुठेच लागत नव्हतं.

पहिली चूक हीच. दुकानात गाडी रिकामी असते, जमीन सपाट असते, म्हणजे चाक आणि त्याच्या वरची कमान यांच्यात भरपूर जागा दिसते. वाटेवर चार माणसं आणि सामान असतं, एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर, आणि वर स्टेअरिंग कापलेलं. तेव्हा टायर कमानीत कुठपर्यंत घुसतो ते पाहायला हवं. दांडीचं घासणं मात्र दुकानातच दिसलं असतं. ती दांडी अ‍ॅक्सलसोबतच वर-खाली होते, त्यामुळे तिथे खड्ड्याचा फारसा संबंध नाही. फक्त कोणीतरी खाली वाकायला हवं होतं. मी नाही वाकलो.

तपासणीची सोपी रीत सांगतो. टायरच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, फळ्याचा खडू भरपूर घासा. गाडीत माणसं बसवा. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक फुटपाथवर किंवा भक्कम फळ्यांवर चढवा, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि वीतभर पुढे-मागे करा. मग उलट जोडी चढवून तेच. शेवटी गाडी सपाटीवर आणा, इंजिन बंद, हॅन्डब्रेक वर, आणि टॉर्च घेऊन चाकामागचं अस्तर, बंपरचा कोपरा, आतली दांडी, ब्रेकचा पाइप सगळं पाहा. जिथे पांढरं उमटलं तिथे उद्या काळं उमटणार. अस्तर थोडं घासलं तर चालवून घेता येतं. ब्रेकच्या पाइपाजवळ खडू दिसला तर तो टायर त्याच दिवशी काढायचा.

दुसरी चूक कागदावरची. २३५ मधून १९५ गेले ४०, म्हणजे टायर चार सेंटीमीटर रुंद झाला, एवढंच लोक मोजतात. तिरक्या रेघेनंतरचा आकडा टक्क्यांचा असतो, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, हे निसटतं. १९५ चे ८० टक्के १५६ मिलिमीटर. ते दोनदा, अधिक रिमच्या १५ इंचांचे ३८१, म्हणजे व्यास ६९३. तोच हिशोब २३५/७५ चा केला तर ७३३ च्या वर जातो. व्यास ४० मिलिमीटरने वाढला, म्हणजे जवळपास ६ टक्के. गाडी मात्र उचलली गेली फक्त २० मिलिमीटर, कारण व्यासातला अर्धा भाग अ‍ॅक्सलच्या वर जातो. ग्राउंड क्लिअरन्ससाठी टायर बदलणाऱ्यांचा इथे नेहमी मुखभंग होतो.

रिमचंही असंच. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ आर१५ ला किमान सहा इंच लागते. अरुंद रिमवर टायर चिमटल्यासारखा बसतो, मधली नक्षी फुगते आणि मधूनच झिजते, वळणावर गाडी डुलते. "बसतो की!" असं ऐकू येईल. बसतो खरा.

मग घासतंय म्हणून लोक व्हील स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी जाड चकती, लावतात. चाक बाहेर सरकतं, दांडी सुटते आणि टायर बाहेरच्या पत्र्याला भिडतो. शिवाय हबच्या बेअरिंगवर भार वाढतो आणि स्टेअरिंगला हिसके जास्त बसतात. दुसरा उपाय म्हणजे स्टेअरिंगच्या स्टॉपरचा बोल्ट बाहेर काढून चाक कमी वळू देणं. घासणं थांबतं, पण घाटातल्या वळणावर एका दमात वळणारी गाडी दोनदा मागे घ्यावी लागते. मला हा सौदा पटला नाही.

८० च्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागलं तर आधी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या, रिमच्या आत सुकलेला चिखल राहिलाय का तेही बघा. तेवढ्याने गेलं नाही तर पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) रबरी बुश आणि किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) बेअरिंग तपासा. अखंड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच आडव्या तुळईला जोडलेल्या, गाड्यांमध्ये आधीपासूनचं हे दुखणं जड टायरमुळे उघडं पडतं. स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे हिसके शोषणारा शॉकअब्सॉर्बर, बदलून थरथर फक्त झाकली जाते.

हवेबद्दल पंक्चरवाल्याला विचारू नका, तो सगळ्यांना ३५ सांगतो. सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरच्या आकड्यापासून करा. मग नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून डांबरी रस्त्यावर सरळ शे-दोनशे मीटर चालवा. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. टायरवर आकाराआधी इंग्रजी एल-टी लिहिलेलं असेल तर त्याची भिंत कडक असते आणि त्याला स्टिकरपेक्षा जास्त हवा लागू शकते.

स्टेपनी. चार टायर घेऊन पाचवा जुनाच ठेवणं ही बचत पंक्चर होईपर्यंत टिकते. मग एका अ‍ॅक्सलवर दोन व्यासांची चाकं येतात, डिफरन्शियल (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं, एबीएसचे सेन्सर गोंधळतात आणि फोर व्हील ड्राइव्ह टाकायची सोय उरत नाही. पाचवा घेतलात तर तो मागच्या दारावर लटकणार आहे हे लक्षात ठेवून बिजागऱ्या अधूनमधून बघा. माझ्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर जुन्या आणि नव्या टायरमध्ये पाचेक किलोंचा फरक भरला.

हे वजन आणि ६ टक्के व्यास चढणीवर वसूल होतात. जिथे दुसऱ्या गिअरमध्ये जायचो तिथे पहिला टाकावा लागला, आणि उतारावर ब्रेक आधीपासून दाबावा लागला. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मीही ओरडलो होतो. पण मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी खरं तर १०६ धावलेली असते, आणि वेगाचंही तेच. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा पडताळा घ्या, एक्स्प्रेसवेवरचा कॅमेरा तुमचा स्पीडोमीटर बघत नाही.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत. वॉरंटी आणि विम्याबद्दलचं उत्तर लेखी घ्या. भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. जिम्नीच्या टायरवर ९६ असतो, म्हणजे एका टायरला ७१० किलो.

मी शेवटी २१५/७५ आर१५ वर आलो. व्यास दीड टक्क्यानेच वाढतो आणि साडेपाच इंची रिम त्याला चालते. दांडीवरचा काळा पट्टा घासून काढून तिथे पांढरा रंग मारून ठेवला. पावसाळ्यानंतर उधेवाडीहून परत आल्यावर पाइपाने धुऊन पाहिलं. चिखल निघाला, काळं काही नव्हतं.