मंदीच्या वर्षी पदवी मिळालेल्या कोकणातील मुलांनी नोकरी कशी शोधावी

कॅम्पस भरती म्हणजे कंपनीने वर्षभर आधी बांधलेला अंदाज असतो. सातव्या सत्राच्या आरंभी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, जी कंपनी मुलांची निवड करते, तिला ती मुले प्रत्यक्षात पुढच्या जुलैनंतर हवी असतात. मधल्या काळात मागणी आटली, तर कामावर असलेल्या माणसाला काढण्यापेक्षा अजून रुजू न झालेल्याला थांबवणे कंपनीला सोपे जाते, आणि म्हणून मंदीची पहिली झळ नवपदवीधरांना बसते. कोकणातील महाविद्यालयांना ती थोडी आधीच लागते. मुंबई-पुण्यातील महाविद्यालयात सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते; रत्नागिरी, देवरूख, लोणेरे किंवा कणकवलीला यायचे तर दोन दिवस मोडतात, त्यामुळे प्रवासखर्चाला कात्री लागली की यादीतून आपली नावे प्रथम गळतात. ज्या वर्षी कंपन्या आल्या नाहीत, त्या वर्षीच्या मुलांनी याचा अर्थ आपण कमी पडलो असा कृपया लावू नये.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रशिक्षण आणि नियुक्ती विभागात अनेक वर्षे काम करत आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हाती ऑफर लेटरे पडलेली होती आणि घरोघरी पेढे वाटून झाले होते. पुढच्या जुलैत रुजू होण्याची तारीख आली नाही. ती आधी ऑक्टोबरवर गेली, मग जानेवारीवर, मग ‘कळवू’ एवढेच उत्तर येऊ लागले. त्या तुकडीतील गुहागरकडचा एक हुशार मुलगा चौदा महिने पत्राची वाट पाहत घरी बसला. त्याच्याच वर्गातील, गुणांनी त्याच्या मागे असलेल्या मुलीने तीन महिन्यांतच लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात कमी पगारावर काम धरले. बाजार सावरल्यावर मुलाखती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे काम होते आणि त्याच्याजवळ जुने पत्र होते. त्या मुलाला ‘थांब, येईल पत्र’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो, आणि ती चूक मला अजून बोचते.

म्हणून हाती आलेले पत्र आधी नीट वाचावे. ते ‘लेटर ऑफ इंटेंट’ असेल तर त्यात केवळ घेण्याचा विचार कळवलेला असतो. पद, पगार, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख ज्यात आहे ते नेमणूकपत्र वेगळे. बॅकलॉग (मागील सत्रांचा राहिलेला विषय) नसणे, किमान टक्केवारी, प्रशिक्षणानंतरची चाचणी अशा अटींवर नेमणूक अवलंबून असेल, तर त्या अटींखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी, कारण मंदीत माणसे कमी करायची झाल्यास याच अटी काटेकोरपणे लावल्या जातात. ठरावीक मुदत नोकरी करीन, नाहीतर पैसे भरीन, असा लिहून दिलेला करार म्हणजे बाँड. ‘बाँड काही कोर्टात टिकत नाही’ हे वसतिगृहात सर्रास ऐकू येणारे वाक्य खरे मानू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेची, ३ वर्षे सेवा करावी अन्यथा २ लाख रुपये भरावेत, ही अट वैध ठरवली आहे. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असे नव्हे, पण रक्कम आणि मुदत घरच्यांना दाखवल्याशिवाय सही करू नये. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. आणि नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाखाली नोकरीसाठी पैसे मागितले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा; मंदीत असे फोन वाढतात आणि आंब्याच्या पैशांतून बाजूला ठेवलेली रक्कम त्यात जाताना मी पाहिली आहे.

तारीख पुढे ढकलली गेल्यास महिन्या-दीड महिन्याने एकदा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला सभ्य भाषेत, मूळ पत्राचा क्रमांक देऊन ईमेल करावा आणि आलेली उत्तरे जपून ठेवावीत. त्याच वेळी दुसरीकडे अर्ज करण्यात अप्रामाणिकपणा वाटू देऊ नये. बऱ्याच महाविद्यालयांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो. तारीख लांबलेल्या मुलांना पुढच्या ड्राइव्हला, म्हणजे भरतीच्या फेरीला, बसू द्यावे, यासाठी सर्वांनी मिळून महाविद्यालयाच्या प्रशिक्षण आणि नियुक्ती अधिकाऱ्यांकडे (टीपीओ) लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंती विसरली जाते.

आता आपल्या परिसराकडे वळू, कारण मुले सर्वांत कमी लक्ष इथेच देतात. लोटे-परशुराम, महाड आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत, जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, उरणला जवाहरलाल नेहरू बंदर आणि त्याच्या आधाराने उभी राहिलेली गोदामे आहेत. रत्नागिरीत मासळीप्रक्रिया, सिंधुदुर्गात काजूप्रक्रिया, आणि हापूसच्या दिवसांत कॅनिंगचे काम. परदेशी ग्राहकांनी हात आखडल्यामुळे सॉफ्टवेअरची भरती थांबली, म्हणून बॉयलर थांबत नाही आणि सांडपाणी शुद्धीकरणही थांबत नाही. या कारखान्यांतील उत्पादन, देखभाल, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) विभागांत माणसे सोडून जातात, जागा रिकाम्या होतात, पण त्यांची जाहिरात क्वचितच मोठ्या पोर्टलवर येते. फाटकावरील सुरक्षारक्षकाकडे बायोडेटा देऊन परतणे हा मार्ग बहुधा वाया जातो. त्याऐवजी आपल्या तालुक्यातून रोज कंपनीच्या बसने जाणारे ऑपरेटर, फिटर, केमिस्ट यांच्याशी बोलावे. कोणत्या विभागात जागा आहे आणि विभागप्रमुख कोण, हे त्यांना नेमके ठाऊक असते. अर्ज त्या विभागप्रमुखाच्या नावे करावा. बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक’ ही विशेषणे नकोत. कोणता पंप खोलून जोडला, कोणत्या उपकरणावर नमुने तपासले, प्रकल्पात स्वतः काय केले, हे लिहावे. मुलाखतीआधी वर्क परमिट (कारखान्यात धोक्याचे काम सुरू करण्याआधी घ्यायची लेखी परवानगी) म्हणजे काय, रसायनाच्या सुरक्षापत्रकात काय वाचायचे असते आणि त्या कारखान्यात नेमके काय तयार होते, एवढे जाणून गेलेला मुलगा दहांत उठून दिसतो. रात्रपाळीबद्दल विचारतील. घरून परवानगी आहे की नाही हे आधीच ठरवून जावे, विशेषतः मुलींनी. आणि पालकांनीही ‘मुलीला शिफ्ट नको’ असे म्हणण्याआधी बसची वेळ आणि सोय यांची चौकशी करावी, ही माझी कळकळीची विनंती.

कायम जागा नसेल तर अप्रेंटिसशिपबद्दल, म्हणजे शिकाऊ उमेदवारीबद्दल, विचारावे. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेण्याचे कायद्याने बंधन आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधरासाठी किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये ठरले. त्या किमान रकमेचा निम्मा वाटा राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतून केंद्र सरकार उचलते, हे लहान कारखानदारांना पुष्कळदा माहीत नसते आणि आपण सांगितले तर त्यांचा विचार बदलू शकतो. नोंदणी करताना चालू दर या योजनेच्या पोर्टलवर पाहून घ्यावा. क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा, कारण एक वर्ष किंवा त्याहून अधिक कामाचा अनुभव झालेल्याला पदवीधर अप्रेंटिस म्हणून घेता येत नाही. अप्रेंटिसशिप करायची असेल तर ती आधी करावी.

कोकणाजवळ एक साधन असे आहे की जे शहरातील मुलांना सहज मिळत नाही. गणपतीत आणि शिमग्याला मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी येतात, आणि त्यांच्यापैकी कोणी गोदी-बंदरात, कोणी बँकेत, कोणी औषध कंपनीत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये असतो. आरतीनंतर ‘काका, कुठेतरी बघा ना’ एवढेच म्हटले तर काका मान हलवतात आणि परतीच्या गाडीत ते विसरून जातात. ‘काका, मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये पदवी घेतली आहे, कॅलिब्रेशनचे काम येते, तुमच्या प्लांटच्या देखभाल विभागात कोणाला भेटू?’ असे विचारावे, आणि त्याच रात्री दोन पानांचा बायोडेटा त्यांच्या फोनवर पाठवावा. पुष्कळ कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराचा अर्ज आधी पाहिला जातो. निकाल काहीही लागो, काकांना तो स्वतःहून कळवावा.

गेट ही एम.टेक.च्या प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा देणार असाल तर जरूर द्या: गुण ३ वर्षे ग्राह्य धरले जातात, काही सरकारी कंपन्या त्यावर भरती करतात, आणि एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. स्पर्धा परीक्षांसाठी सर्व सोडून बसायचे असेल, तर किती प्रयत्न हे वही उघडण्याआधी घरात बसून ठरवावे.

ऑनलाइन चाचण्या बहुधा पावसाळ्यातच येतात. वाडीवर वीज आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतात, म्हणून चाचणी तालुक्याच्या ठिकाणी किंवा महाविद्यालयात बसून द्यावी. अर्ध्यात तुटल्यास स्क्रीनचे छायाचित्र वेळेसह लगेच कंपनीला पाठवावे. मुलाखतीत ‘पदवीनंतर इतके महिने काय केले?’ हा प्रश्न येणारच. मंदी होती, हे उत्तर एका वाक्यात संपवावे आणि उरलेला वेळ केलेल्या कामाला द्यावा, मग ते काम घरच्या बागेतील ठिबक सिंचनाची जोडणी असली तरी चालेल, फक्त ती कशी केली हे सांगता आले पाहिजे. मुंबईला मुलाखत असेल तर पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या कमी वेगाने धावतात, हे धरून आदल्या दिवशीची गाडी घ्यावी, कागदपत्रांचा संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाशी ठेवावा, आणि उतरायचे कुठे हे दादर-ठाण्यातील नातेवाइकांना दोन दिवस आधी कळवावे.