कार्ड कपाटात आहे, पण नाव चालू आहे का?

"आयुष्मान कार्ड रिन्यू कुठे करायचं गं?" आमच्या नात्यागोत्यात वर्षातून दोन-तीनदा तरी हा फोन येतोच. कुठेच करायचं नसतं. राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असो की केंद्राची आयुष्मान भारत, मोफत उपचारांच्या या योजनांना दरसाल हप्ता नाही, फॉर्म नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं आणि योजनेचं वर्ष उलटलं की रक्कम पुन्हा पूर्ण होते. म्हणून माणसं निर्धास्त राहतात आणि तिथेच फसतात. सगळा डोलारा रेशनकार्ड आणि आधार या दोन कागदांवर उभा आहे, आणि घरात माणसं येतात-जातात तसे हे कागद मागे पडत जातात. सून येते, म्हातारं माणूस जातं, सिमकार्ड बदलतं, राबून राबून बोटांचे ठसे झिजतात. योजना चालू असते, आपलं नाव मात्र कधीचं गळालेलं असतं. तेव्हा वर्षातून एकदा, घरात सगळे बरे असताना, एक दुपार काढा.

पहिल्यांदा रेशनकार्ड बाहेर काढा आणि आतली नावं मोठ्याने वाचा. गंमत नाही, खरंच मोठ्याने. मग त्याच माणसांची आधारकार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. आमच्या मावशीचं नाव आधारवर नुसतं सुमन आणि रेशनकार्डावर सुमनबाई होतं. तीस वर्षं त्यावर धान्य आलं, कुणाला काही वाटलं नाही. काकांना अँजिओप्लास्टीसाठी नेलं तेव्हा त्यांचं काम झालं. मावशीला भरती करायची वेळ आली तेव्हा मात्र त्या दोन अक्षरांनी अख्खा दिवस खाल्ला. असा फरक निघाला तर शक्यतो रेशनकार्डावरचं नाव आधारसारखं करून घ्या. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, ती संधी किरकोळ गोष्टीत घालवू नये.

नावं वाचताना कोण नाही तेही कळेल. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव चढवायचं तर आधी माहेरच्या कार्डातून ते कमी करून तसा दाखला आणावा लागतो. हे काम 'बघू' म्हणत वर्षानुवर्षं राहतं, कारण माहेरच्यांना धान्याचं एक माणूस कमी करायची घाई नसते. मग पहिल्या बाळंतपणात गुंतागुंत झाली की ती धड इकडची नसते, धड तिकडची. बाळाचं नाव जन्मदाखला दाखवून चढवता येतं. जे गेले त्यांचं नाव मृत्यूदाखला देऊन कमी करा. मन धजत नाही, पण करा. अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा सेतू केंद्रात. पोचपावती जपून ठेवा आणि महिन्याभराने नाव खरंच चढलं का ते दुकानदाराकडून बघून घ्या. अर्ज दिला म्हणजे नाव चढलं, असं होत नाही.

त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. धान्याच्या कार्डातल्या पाच वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची ती व्हायला हवी, कुटुंबप्रमुखाने एकट्याने अंगठा लावून भागत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस या अंगठा लावायच्या मशीनवर होते, मुलगा शिकायला किंवा नोकरीला परगावी असेल तर त्याला तिथल्या जवळच्या दुकानातही करता येते, आणि 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर घरबसल्या चेहरा दाखवूनही होते. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्या आजी-आजोबांसाठी हा चेहऱ्याचा मार्ग सोपा. मशीन एकदा "नाही" म्हणालं म्हणून परत फिरू नका, दुसरं बोट लावून बघा.

पांढरं कार्डवाल्यांना वेगळं सांगायला हवं. १ जुलै २०२४ पासून राज्याची योजना पिवळ्या आणि केशरीपुरती न राहता सगळ्यांना खुली झाली. पण पांढरं कार्ड धान्याला लागत नसल्यामुळे वर्षानुवर्षं कपाटाबाहेर आलेलं नसतं आणि पुष्कळांचं ते ऑनलाइन चढलेलंच नसतं. कार्डाचा १२ अंकी नंबर आहे का ते बघा. नसेल तर पुरवठा शाखेत जाऊन करून घ्या. दवाखान्यातल्या संगणकाला जुन्या पुस्तिकेवरचा शिक्का वाचता येत नाही.

आधारचं म्हणाल तर तीन गोष्टी. मोबाइल नंबर जोडलेला आहे का आणि तो आजही कुणाच्या खिशात वाजतो का. ओटीपी त्यावरच येणार. नंबर आधार केंद्रात बदलून मिळतो, कागद काही लागत नाही. मुलांचं आधार पाच वर्षांनंतर आणि पुन्हा पंधरा वर्षांनंतर ठसे देऊन अद्ययावत करायचं असतं, ते राहिलं का बघा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख तपासा. पुष्कळांच्या आधारवर १ जानेवारी असते, आणि वर्षही कुणीतरी अंदाजाने टाकलेलं असतं.

ते वर्ष आता महत्त्वाचं झालं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, वय आधारवरूनच धरतात. घराला आधीच आयुष्मान भारतचं संरक्षण असेल, तरी या ज्येष्ठांसाठी वर्षाला वेगळे ५ लाख असतात, घरात असे दोघे असतील तर दोघांत मिळून. निवृत्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर ती आणि हे कार्ड यांतलं एकच निवडायचं असतं. ज्यांचं तिथे नीट चाललं आहे त्यांनी उगाच हलू नये, असं माझं मत. कार्ड आयुष्मान अ‍ॅपवर घरी निघतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. "कार्ड बंद होणार आहे, लिंक दाबा" असले मेसेज आले तर फोन बाजूला ठेवा, ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

घरात कुणी ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेत असेल तर एवढंच: नोकरी बदलली तरी विमा क्रमांक जुनाच राहतो. नव्या ठिकाणी तोच सांगा, नाहीतर एका माणसाचे दोन क्रमांक होऊन बसतात.

आता दवाखाना. योजना सगळीकडे चालत नाही, फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात चालते, आणि तिथेही सगळ्या आजारांना नाही. एखाद्या ठिकाणी हाडांचं होईल, हृदयाचं होणार नाही. ही यादी बदलत असते. म्हणून जवळची दोन-तीन नावं आणि तिथे काय काय होतं ते १५५३८८ वर विचारून लिहून ठेवा. केंद्राच्या आयुष्मानसाठी १४५५५ आहे. नुसतं तपासून गोळ्या लिहून दिल्या, तर त्याचे पैसे यातून मिळत नाहीत, भरती होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांनाच हे लागू आहे. आणि आधी खिशातून भरू, मग सरकारकडून घेऊ, हा हिशोब इथे चालत नाही. त्यामुळे दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथे बसणाऱ्या माणसाला गाठायचं, बिलिंगच्या खिडकीला नंतर. पूर्वपरवानगी तोच लावतो. अपघात किंवा झटका असेल तर भरती आधी होते, कागद मागून देता येतात, पण योजनेत घ्या हे पहिल्या तासातच सांगितलेलं बरं. कुणी वरचे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. निघताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधं घेतल्याशिवाय उठू नका.

हे सगळं झालं की मूळ रेशनकार्ड, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, आयुष्मान कार्डं, जुने रिपोर्ट आणि दोन फोटो एका पिशवीत घाला. फोनमध्ये या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा, आणि तेच फोटो घराबाहेर राहणाऱ्या एकाच्या फोनमध्येही असू द्या. आमच्याकडे ही पिशवी देवघराशेजारच्या खिळ्याला असते. गेल्या महिन्यात काढली तर आत रेशनकार्डाच्या जागी गॅसचं जुनं पुस्तक. कार्ड धाकट्याने कुठल्याशा दाखल्यासाठी सेतूत नेलं होतं आणि ते अजून त्याच्या दप्तरातच होतं.