आपण सुट्टीवर असलो तरी फाइल सापडली पाहिजे

२०१८ च्या गणपतीत मी सासरी, कुडाळजवळच्या गावी होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी सरांचा फोन आला. एका क्लायंटच्या सीसी लिमिटचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेचं) रिन्युअल अडलं होतं आणि बँकेला सही केलेली बॅलन्स शीट तासाभरात हवी होती. ती फाइल मीच स्कॅन केली होती, पण ऑफिसच्या ऑनलाइन ड्राइव्हवर टाकायची राहिली होती. होती कुठे, तर कळव्याच्या आमच्या घरी, कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर. डोंबिवलीहून दिरांना कळव्याला धाडलं. शेजारच्या काकूंकडून चावी घेतली. घरात रेंज नव्हती म्हणून मी विहिरीजवळ उभी राहून लॅपटॉपचा पासवर्ड एकेक अक्षर करत मोठ्याने सांगितला. फाइल बँकेत पोचली, पण त्या दिवशीची आरती मी चुकवली ती चुकवलीच.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीए फर्ममध्ये मी काम करते. बी.कॉम. झाल्यावर अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागले, आता आर्टिकलशिपला येणारी मुलं आणि नवीन स्टाफ यांना काम शिकवणं माझ्याकडे असतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी पोर्टल शिकायला उत्सुक असतो. मी मात्र सुरुवात ड्राइव्हपासून करते. फाइल क्लाउडवर ठेवली म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते ती तुमच्याशिवाय दुसऱ्याला, तुम्हाला फोन न करता, मिनिटभरात सापडली तरच ती ठेवली असं म्हणावं. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी नावांचं बघू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. ठाणे, कळवा, दिघा, ऐरोली या पट्ट्यात धंदा करणारे क्लायंट म्हणजे पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी. आमच्याकडे एका वेळी पाच पाटील होते. कोणी फोल्डरला ‘पाटील इंजिनिअरिंग’ नाव द्यायचं, कोणी ‘पाटील सर रबाळे’, कोणी नुसतं ‘पाटील नवीन’. एकदा एका पाटलांचं बँक स्टेटमेंट दुसऱ्या पाटलांच्या फोल्डरमध्ये गेलं आणि दोन दिवस ताळा जमेना. त्यानंतर आम्ही प्रत्येक क्लायंटला कोड दिला : पी०१, पी०२, एम०१. कोड कोणाचा ते एका शीटमध्ये लिहिलेलं असतं, आणि फोल्डर असो वा फाइल, नाव कोडनेच सुरू होतं. मग कागद कोणता आणि कधीचा. उदाहरणार्थ, ‘पी०३ बँक स्टेटमेंट २०२५-०४ ते २०२५-०६’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की फाइल्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिलात तर १ एप्रिलच्या शेजारी १ डिसेंबर येऊन बसतो.

आमच्या कामात आणखी एक सापळा आहे. फोल्डरचं नाव नुसतं ‘२५-२६’ असेल तर ते आर्थिक वर्ष की असेसमेंट इयर? २०२४-२५ च्या कमाईचं असेसमेंट इयर २०२५-२६, म्हणजे एकाच नावाखाली दोन वर्षांचे कागद मिसळू शकतात. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात ‘टॅक्स इयर’ आलं आहे, पण जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच पद्धतीने येत राहणार. म्हणून वर्षाआधी ‘एफवाय’ (म्हणजे आर्थिक वर्ष) लिहायचं, नेहमी, न कंटाळता. आणि नावं एकतर सगळी देवनागरीत किंवा सगळी इंग्रजीत ठेवा. अर्धी अशी अर्धी तशी असली की सर्च करणाऱ्याला अर्धीच सापडतात, आणि उरलेल्या फाइल्स नाहीतच असं समजून तो क्लायंटकडे पुन्हा कागद मागतो. क्लायंटसमोर याच्याइतकं ओशाळवाणं काही नाही.

फोल्डरच्या आत फोल्डर किती करायचे? आम्ही तीन पातळ्यांवर थांबतो : क्लायंट, वर्ष, काम. ‘इतर’ नावाचा फोल्डर कोणीही काढायचा नाही. ज्याला जागा सापडत नाही असा प्रत्येक कागद तिथे जातो आणि पुन्हा दिसत नाही.

आता मालकीचं. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि नुकसान सगळ्यात मोठं इथेच होतं. साध्या, फुकटच्या गूगल खात्यात जो फाइल बनवतो किंवा अपलोड करतो तो तिचा मालक. ती दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये दिसत असली तरी जागा त्याच्या खात्यातली जाते आणि ती डिलीट करायचा हक्कही त्याचाच. मी आधी ज्या ऑफिसात होते तिथे सगळे मुख्य फोल्डर एका सहकाऱ्याने स्वतःच्या खासगी जीमेलवरून काढले होते. तो चांगला मुलगा होता, मनात काही वाईट नव्हतं. नोकरी सोडल्यावर काही महिन्यांनी जागा भरली म्हणून त्याने ‘जुन्या ऑफिसचं’ सगळं साफ केलं. आमच्या लक्षात आलं तेव्हा ट्रॅशमधून परत आणायची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. तीन वर्षांचे कागद आम्ही क्लायंट, बँका आणि पोर्टल यांच्याकडून पुन्हा जमवले, आणि काही मिळालेच नाहीत.

म्हणून ऑफिसचं काम ऑफिसने दिलेल्या खात्यावरच करा. पैसे भरून घेतलेल्या गूगल वर्कस्पेसमध्ये ‘शेअर्ड ड्राइव्ह’ मिळतो. त्यातल्या फाइल्स संस्थेच्या असतात, माणूस गेला तरी फाइल राहते. मायक्रोसॉफ्ट वापरणाऱ्या ऑफिसात हेच काम शेअरपॉइंट करतं, तर वनड्राइव्ह हा त्या त्या माणसाचा खासगी कप्पा असतो. हा फरक पहिल्या दिवशीच विचारून घ्या. आणि ऑफिस लहान असेल, फुकटचं खातंच वापरत असेल, तर निदान ते एक खातं ऑफिसच्या नावाचं असू द्या. त्याचा रिकव्हरी नंबर मालकांचा असावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) चालू असावं. गूगलचं खासगी खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, तेव्हा जुन्या कागदांसाठी ‘वेगळं खातं’ काढून विसरून जाऊ नका.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी स्वतः चूक करून शिकले. २०२२ चा जुलै, तारीख २०, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. माझ्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह भरून लाल झाली होती, एक्सेल उघडेना. ‘क्लाउडवर आहेच की’ असं मनाशी म्हणत मी लॅपटॉपवरचा एफवाय १९-२० चा अख्खा फोल्डर डिलीट केला. दहा मिनिटांत पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “ताई, एकोणीस-वीस कुठे गेलं?” सगळ्यांच्याच स्क्रीनवरून गेलं होतं. सिंक म्हणजे आरसा : इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ट्रॅशमध्ये गेले, फोल्डरवर राइट क्लिक करून रिस्टोर केलं, सगळं परत आलं. पण ती दहा मिनिटं माझे हात थरथरत होते. जागा मोकळी करायची असेल तर डिलीट नाही करायचं. गूगल ड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन ओन्ली’ निवडायचं, वनड्राइव्हमध्ये ‘फ्री अप स्पेस’.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही सगळ्या ड्राइव्हची एक प्रत एक्सटर्नल हार्ड डिस्कवर घेतो आणि ती डिस्क सर घरी नेतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आहे. सरांना तो समजावून सांगावा लागला नाही. २६ जुलै २००५ च्या पुराच्या वेळी त्यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं. त्या वेळच्या काही बॉक्स फाइल्स अजून माळ्यावर आहेत, कागद एकमेकांना चिकटलेले आणि पानांवर पाण्याची तपकिरी रेघ.

टॅलीचा चालू डेटा मात्र सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. दोन ठिकाणांहून उघडला की डेटा बिघडायचा धोका असतो. टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल ड्राइव्हवर टाका. कंपनी क्लायंट असेल तर हे ऐच्छिक नाही. कंपनी कायद्याच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असावा लागतो. मुलं विचारतात, भारतात म्हणजे कुठे? मी त्यांना ट्रान्सहार्बर लोकलने जाताना ऐरोली ते घणसोली खिडकीबाहेर बघायला सांगते. टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. आपली फाइल नेमकी तिथेच असेल असं नाही, पण क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतलं मशीन, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस पासवर्ड जपून वापरतो.

शेअरिंगमध्ये घाई करू नका. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा वाटतो, पण ती लिंक क्लायंट व्हॉट्सॲपवर भावाला पाठवतो, भाऊ ब्रोकरला, आणि पॅन, आधार, बँक स्टेटमेंट कोणाकोणाकडे उघडं पडलं ते कळतही नाही. ज्याला द्यायचंय त्याचा ईमेल टाकूनच द्या. ‘व्ह्यूअर’ फक्त बघतो, ‘कमेंटर’ शेरा लिहितो, ‘एडिटर’ बदल करतो. क्लायंटला बहुतेक वेळा पहिलं पुरतं. वरच्या फोल्डरचा ॲक्सेस दिला की आतलं सगळंच दिसतं, म्हणून प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरमध्ये ‘क्लायंटला द्यायचं’ असा वेगळा कप्पा ठेवतो आणि तेवढाच शेअर करतो. आमचे वर्किंग पेपर आणि फीची बिलं त्याच्या बाहेर.

ऑफिसातल्या ऑफिसात फाइल मेलने जोडून पाठवणं थांबवा, लिंक पाठवा. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) तीन मेलमधून फिरला की तीन ट्रायल बॅलन्स होतात आणि खरा कोणता यावर वाद. एडिटिंगमध्ये गडबड झाली तर व्हर्जन हिस्टरी आहे. अपलोड केलेल्या एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या गूगल ड्राइव्ह ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतो, महत्त्वाची असेल तर ‘कीप फॉरेव्हर’ करून टाका. सही झाल्यावर पीडीएफ करा, नावात ‘सही’ लिहा आणि सगळ्यांचे एडिटचे हक्क काढा.

जागेबद्दल थोडक्यात : गूगलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात. भरले की मेल येणंही बंद होतं, आणि करखात्याची नोटीस मेलवरच येते. वनड्राइव्हचे फुकटचे फक्त ५ जीबी असतात. विंडोज डेस्कटॉपचाही बॅकअप घेत असेल तर ते कधी भरले कळत नाही. कागदाचा फोटो काढून टाकण्यापेक्षा ड्राइव्हच्या ॲपमधलं स्कॅन वापरा. पीडीएफ सरळ येते आणि आतल्या छापील मजकुरावरूनही बऱ्याचदा सर्च होते. महाप्याच्या कारखान्यात ऑडिटला जाताना लागणाऱ्या फाइल्स आदल्या संध्याकाळीच ऑफलाइन करून ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मिळत नाही.

गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी आमच्याकडे आता एक ठरलेलं काम असतं. संध्याकाळी प्रत्येकाने दुसऱ्याच्या क्लायंटची तीन कागदपत्रं शोधायची, ज्याचा क्लायंट आहे त्याला काहीही न विचारता. गेल्या वेळी एम०२ चा जागेचा भाडेकरार कोणालाच सापडेना. तो नवीन आलेल्या मुलीच्या मेलमध्येच पडून होता, आणि ती दुसऱ्या दिवशी गावी निघणार होती. तिने तिथेच बसून तो डाउनलोड केला, नाव लावलं, फोल्डरमध्ये टाकला, आणि मग धावत जाऊन पनवेल लोकल पकडली.