जुन्या हॅम रेडिओ सेटची फ्रिक्वेन्सी घसरते? इलाज असा करा

संध्याकाळी हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर गप्पा रंगात आलेल्या असतात आणि पलीकडून आवाज येतो, "ओएम (म्हणजे मित्रा), परत घसरलात!" केनवूडचा टीएस-५२० किंवा याएसूचा एफटी-१०१ बाळगणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. माझा ५२० तर नागपूरच्या मे महिन्यात कूलर सुरू केला तरी सरकायचा.

सगळ्यात आधी झाकण उघडायचा मोह आवरा. थंड सेट सुरू करा, कॅलिब्रेटर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारा सेटमधला भाग) लावा आणि त्याची शिटी साधारण १००० हर्ट्झवर आणून डायलला हात लावणं बंद करा. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये दर पाच मिनिटांनी शिटीचा आकडा बघून वहीत लिहा. तासभर. कूलरचा झोत सेटवर येऊ देऊ नका, नाहीतर तुम्ही सेट नाही, कूलर मोजत बसाल.

आकडे एकाच दिशेने हळूहळू सरकून स्थिरावले, तर ती ऊब आहे. टीएस-५२० ला कंपनीनेच पहिल्या तासात १ किलोहर्ट्झपर्यंत मुभा दिली आहे, नंतर अर्ध्या तासात १०० हर्ट्झ. तेवढंच असेल तर सेटला हात लावू नका, अर्धा तास आधी चालू करा. आकडा मध्येच उडी मारत असेल तर कुठेतरी संपर्क खराब आहे. आणि घसरण एकाच बँडवर असेल तर व्हीएफओला (डायलने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरला) दोष देऊ नका, त्या बँडचा क्रिस्टल ऑसिलेटर तपासा.

उडी मारत असेल तर आधी आरआयटी (ऐकण्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारी सोय) बंद करून बघा. त्याचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) घाणेरडा असला की तो व्हीएफओलाच हलवतो. मग, झाकण उघडायची खाली दिलेली काळजी घेऊन, व्हीएफओला येणारा रेग्युलेटेड व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा. ५२० मध्ये तो ९ व्होल्ट असतो. शेजारी कूलर सुरू करून बघा, तो आकडा हलला तर दोष रेग्युलेटरचा.

आता झाकण. आधी प्लग काढा. फायनल व्हॉल्व्हच्या प्लेटवर ६००-८०० व्होल्ट असतात आणि कपॅसिटर ते धरून बसतात, म्हणून ते डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट घालू नका.

व्हीएफओच्या डब्यात गँग कपॅसिटरच्या (डायलबरोबर फिरणाऱ्या प्लेट्सच्या कपॅसिटरच्या) दांड्याला टेकलेली स्प्रिंगची पत्ती शोधा. उड्यांचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसा. काडी काळी झाली की समजा, चोर सापडला. प्लेट्सवर मात्र स्प्रे मारू नका. सेट चालू करून एकेक जोड प्लास्टिकच्या काडीने हलकेच टोका. जिथे शिटी थरथरते, तिथला सोल्डर, आधी सेटचा प्लग काढून, पुन्हा वितळवा.

हळूहळू सरकण्याचं काम जास्त चिकाटीचं. हेअर ड्रायरची हवा स्ट्रॉने एकेका भागावर सोडा आणि शिटी ऐका. दोषी कपॅसिटर सापडला की बदलायचा, पण कशाने? मी एकदा नागपूरच्या बर्डी बाजारातून मिळाला तो तपकिरी डिस्क कपॅसिटर लावला आणि घसरण दुप्पट झाली. जिथे एनपीओ (तापमानाने जवळपास न बदलणारा कपॅसिटर) होता तिथे एनपीओच लावा. जांभळ्या टोकाचा एन७५० (तापला की क्षमता कमी होणारा) दिसला तर तो कॉइलची ऊब भरून काढायला मुद्दाम बसवलेला असतो, त्याला 'सुधारू' नका.

हिशोब बघा: ५ मेगाहर्ट्झवर एकूण २०० पीएफपैकी (पिकोफॅरड, कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) १० पीएफ एनपीओऐवजी एन७५० झाले, तर दर अंशाला जवळपास ९४ हर्ट्झचा फरक पडतो. मूळ एन७५० असलेल्या जागी एनपीओ लावलात तर तेवढीच घसरण उलट्या दिशेने दिसेल. म्हणून तापताना व्हीएफओची फ्रिक्वेन्सी खाली जात असेल तर एन७५० चा वाटा थोडा वाढवा, वर जात असेल तर कमी करा. एका वेळी २-३ पीएफ, आणि एकूण पीएफ तेवढेच राहू द्या. सोल्डर करून लगेच मोजू नका, डबा पूर्ण थंड होऊ द्या.

शेवटी डब्याचं झाकण लावून पुन्हा तासभर मोजा. उघड्या डब्यातला आकडा खोटा असतो. डायल कॅलिब्रेट करायचा ट्रिमर त्यानंतरच फिरवा, सेट पूर्ण तापलेला असताना.